टेस्ट, वनडे, टी-२० आणि देशाचा खिसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेटचे फॉरमॅट बदलत गेले आणि त्याच काळात आपली अर्थव्यवस्था पण वाढत गेली, ह्या दोन गोष्टींचा एकमेकांशी काय संबंध ह्यावर प्रश्न येतच असतात, आयपीएल चालू असली की जरा जास्तच. त्यातले सारखे सारखे येणारे इथे एकत्र केलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे नंबर दिलाय, तो बघून घ्या.

१. आधी बेसिक सांगा, हे तीन फॉरमॅट नेमके आले कधी?

टेस्ट सगळ्यात जुनी, भारत पहिली टेस्ट खेळला १९३२ मध्ये लॉर्ड्सवर. वनडे आली ती पावसामुळे: मेलबर्नची टेस्ट पाण्यात गेली, लोकांना काहीतरी दाखवायचं म्हणून ५ जानेवारी १९७१ ला एका दिवसाची मॅच ठेवली, तीही ४० ओव्हर्सची आणि ओव्हर ८ बॉलची. पहिला वर्ल्ड कप १९७५ ला, ६० ओव्हर्सचा. टी-२० इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्ये जून २००३ ला सुरू झाली, भारत पहिली टी-२० खेळला १ डिसेंबर २००६ ला, आणि १८ एप्रिल २००८ ला बंगळुरूला आयपीएलची पहिली मॅच झाली, ज्यात मॅक्युलमनं नाबाद १५८ मारले.

२. पण खेळ तो खेळ, त्यात अर्थव्यवस्था कुठून आली?

बघणाऱ्याकडे वेळ किती आणि पैसा किती, इथून आली. पाच दिवसांची टेस्ट बघायला रजा टाकावी लागते नाहीतर कानाला ट्रान्झिस्टर लावून ऑफिसात बसावं लागतं, आणि आपल्याकडे कित्येक वर्षं तेच चाललं. वनडे म्हणजे एक अख्खा रविवार. टी-२० म्हणजे संध्याकाळी कामावरून घरी आलात, साडेसातला टीव्ही लावला, झोपायच्या वेळेला निकाल. फॉरमॅट जसजसा लहान झाला तसतसा तो नोकरी करणाऱ्या, ईएमआय भरणाऱ्या माणसाच्या दिवसात बसायला लागला आणि जाहिरातवाल्याला हाच माणूस हवा असतो.

आता वाढीचे आकडे. १९५० ते १९८० देश सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढला, ऐंशीच्या दशकात साडेपाचच्या आसपास, आणि २००३ ते २००८ ह्या काळात आठ-नऊ टक्क्यांच्या घरात. हे तीन आकडे टेस्ट, वनडे, टी-२० च्या शेजारी ठेवून "बघा कसं जुळतंय" अशा पोस्ट फिरतात. जुळतंय खरं, पण कारण उलट्या बाजूला आहे असं माझं स्पष्ट मत आहे: आधी लोकांच्या हातात पैसा आणि घरात टीव्ही आला, मग त्याच्या मागून फॉरमॅट बदलला. क्रिकेटनं देश श्रीमंत केला नाही. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

३. १९८३ चा वर्ल्ड कप जिंकलो तिथूनच पैसा सुरू झाला ना?

आवड तिथून सुरू झाली, पैसा नाही. १९७५ ला ह्याच वनडेत गावसकर ६० ओव्हर्स खेळून १७४ बॉलमध्ये नाबाद ३६ वर राहिले होते, म्हणजे हा फॉरमॅट आपल्याला तेव्हा उमगलाच नव्हता असं म्हणायला हरकत नाही. आठ वर्षांनी २५ जून १९८३ ला त्याच लॉर्ड्सवर आपण १८३ वर ऑलआउट होऊनही वेस्ट इंडिजला ४३ रन्सनी हरवलं. आणि तेव्हा आपल्या क्रिकेट बोर्डाकडे, म्हणजे बीसीसीआयकडे, ह्या पोरांना बक्षीस द्यायला पैसे नव्हते! लतादीदींनी दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून पैसे उभे राहिले आणि प्रत्येक खेळाडूला एकेक लाख मिळाले. जगज्जेत्या टीमच्या बक्षिसासाठी गाण्याचा कार्यक्रम करावा लागला, अशी तेव्हाची परिस्थिती.

तेव्हा बोर्डाचे अध्यक्ष होते नागपूरचे एनकेपी साळवे. पुढचा वर्ल्ड कप इंग्लंडच्या बाहेर आणायचा त्यांनी चंग बांधला आणि १९८७ ला तो भारत-पाकिस्तानात आला, रिलायन्सच्या नावानं. आपल्याकडे इंग्लंडच्या उन्हाळ्याइतका मोठा दिवस नसतो म्हणून ६० च्या ५० ओव्हर्स झाल्या. वनडे म्हणजे ५० ओव्हर्स हे जे आज सगळं जग धरून चालतं ते त्या स्पर्धेपासून वर्ल्ड कपला लागू झालं.

४. तेव्हा तर दूरदर्शन फुकट दाखवायचं, मग बोर्डाला पैसा मिळायचा कसा?

मिळायचाच नाही. उलट मॅच दाखवायचे पैसे दूरदर्शनच बोर्डाकडे मागायचं. आज हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं.

बदल झाला तो १९९१ नंतर. त्या वर्षी देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं, सोनं परदेशी बँकेत गहाण ठेवायची वेळ आली, आणि २४ जुलैला मनमोहन सिंगांनी बाजार खुला करणारा तो बजेट मांडला. त्याच सुमारास डिशवरचे चॅनल यायला लागले. १९९३ च्या हिरो कप ह्या वनडे स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेनं परदेशी कंपनीला विकले, दूरदर्शनबरोबर आणि सरकारबरोबर भांडण झालं, केस थेट सुप्रीम कोर्टात. फेब्रुवारी १९९५ ला कोर्टानं सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची एकट्याची मक्तेदारी नाही. भारतीय क्रिकेटच्या पैशाची गोष्ट सांगताना लोक कपिलचा कॅच सांगतात, धोनीचा सिक्स सांगतात, ह्या निकालाबद्दल कोणी बोलत नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठा टर्निंग पॉइंट हाच.

५. नव्वदच्या दशकात वनडेचा एवढा पूर का आला होता?

कारण जाहिरात. शंभर ओव्हर्स म्हणजे दर ओव्हरनंतर एक ब्रेक, शिवाय विकेट पडली की ब्रेक, आणि समोर नुकत्याच उघडलेल्या बाजारात उतरलेल्या कंपन्या रांगेत. १९९६ च्या वर्ल्ड कपला कोका-कोलानं अधिकृत पेय म्हणून पैसे मोजले आणि पेप्सीनं "नथिंग ऑफिशियल अबाउट इट" म्हणत त्याच स्पर्धेभोवती अख्खी मोहीम चालवली, म्हणजे बाहेर राहिलेल्यालाही गप्प बसणं परवडत नव्हतं. त्याच्या आदल्याच वर्षी सचिननं वर्ल्डटेल ह्या मार्केटिंग कंपनीबरोबर कोट्यवधींचा करार केला होता. शारजा, टोरंटो, सिंगापूर, जिथे जिथे प्रेक्षक आणि स्पॉन्सर तिथे वनडे.

६. बीसीसीआयला तर टी-२० नकोच होती असं ऐकलंय, खरंय का?

खरंय. बोर्डाचं बहुतेक उत्पन्न वनडेवर, आणि टी-२० म्हणजे जाहिरातीचे ब्रेक निम्म्याहून कमी, मग कशाला हवी? २००७ च्या पहिल्या टी-२० वर्ल्ड कपला गेलेल्या टीमच्या नावावर तोपर्यंत एकच आंतरराष्ट्रीय टी-२० होती. सचिन, द्रविड, गांगुली गेलेच नाहीत, रांचीच्या धोनीकडे कप्तानी दिली आणि २४ सप्टेंबरला जोहान्सबर्गला पाकिस्तानला ५ रन्सनी हरवून कप घेऊन आले. मुंबईत उघड्या बसमधून मिरवणूक निघाली.

पण आयपीएल फक्त त्या विजयामुळे आली असं नाही. झीच्या सुभाष चंद्रांनी त्याच वर्षी आयसीएल ही स्वतःची टी-२० लीग काढली होती, म्हणजे बोर्डाच्या हातातून खेळ निसटायची भीती होती. त्यात देश नऊ टक्क्यांच्या घरात वाढत होता आणि मोठे उद्योगपती नवीन कशात पैसे घालायचे हे शोधतच होते. जानेवारी २००८ ला आठ टीम मिळून ७२ कोटी डॉलर्सच्या वर विकल्या गेल्या, सगळ्यात महाग मुंबई, ११ कोटी १९ लाख डॉलर्सला. पाच वर्षं आधी एवढा पैसा लावणारे आठ जण मिळाले असते का ह्याची मला शंकाच आहे. आणि ब्रेक कमी पडतात त्याची भरपाई कशी केली तर आता इनिंगला अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट, तेही स्पॉन्सर केलेले.

७. अर्थव्यवस्था बदलली हे क्रिकेटमध्ये डोळ्यांनी दिसेल असं काही आहे का?

आहे की, शर्ट बघा. टीम इंडियाच्या शर्टवर आधी विल्स, म्हणजे सिगारेट. तंबाखूच्या जाहिरातींवर कायदा येणार हे दिसल्यावर २००१ ला विल्सची कंपनी आयटीसी बाहेर पडली आणि सहारा आली, ती २०१३ पर्यंत. मग स्टार म्हणजे टीव्ही, मग ओप्पो म्हणजे चिनी मोबाईल, मग बायजूज म्हणजे ऑनलाइन शिकवणी, मग ड्रीम इलेव्हन, आणि ऑगस्ट २०२५ ला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला तशी तीही गेली आणि अपोलो टायर्स आली.

आयपीएलचं पण तसंच. सुरुवातीला डीएलएफ, कारण तेव्हा बांधकामाची तेजी होती, पाच वर्षांचे २०० कोटी. मग पेप्सी, मग विवो. २०२० ला गलवानमध्ये चीनशी चकमक झाल्यावर चिनी विवोला बाजूला व्हावं लागलं तेव्हा ड्रीम इलेव्हननं एका सीझनचे २२२ कोटी दिले. आता टाटा, २०२४ ते २०२८ चे २,५०० कोटी. ज्या त्या काळात ज्या धंद्याकडे जास्तीचा पैसा होता किंवा बाजारातून उचललेला पैसा होता तोच धंदा छातीवर दिसतो, आणि ह्यातले बरेच धंदे नंतर अडचणीत आले हेही त्यातच दिसतं. शर्टवर नाव आलं म्हणजे कंपनी भक्कम, असं धरून कोणी आपले पैसे गुंतवू नका, कळकळीनं सांगतोय.

८. सरळ सांगा, क्रिकेटमुळे जीडीपी वाढतो की नाही?

वाढतो, पण इतका थोडा की मोजताना हरवून जाईल. बीसीसीआयसाठी केपीएमजी ह्या सल्लागार कंपनीनं अभ्यास केला होता, त्यात २०१५ च्या आयपीएलनं जीडीपीत साधारण १,१५० कोटींची भर घातली असं आलं. ऐकायला मोठं वाटतं, पण त्या वर्षीचा देशाचा जीडीपी होता साधारण १३७ लाख कोटी, म्हणजे दहा हजार रुपयांमागे एक रुपयासुद्धा नाही. शिवाय आयपीएलच्या तिकिटावर गेलेले पैसे नाहीतर सिनेमावर, हॉटेलात गेलेच असते, ते सगळे नवीन पैसे नव्हेत. हॉटेलं, टॅक्सीवाले, कॅमेरावाले, मंडपवाले ह्यांना दोन महिने काम मिळतं हे खरं आहे आणि त्यांच्यासाठी ते महत्त्वाचं आहे. मेरठ आणि जालंधरचा बॅट-बॉलचा धंदा, ज्यातला जालंधरचा फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या लोकांनी उभा केला, त्यालाही खेळ वाढला की काम मिळतं. पण देश वाढतो तो शेती, कारखाने, सेवा ह्यांच्यावर.

९. मग आयपीएलचे एवढे हजारो कोटी जातात कुठे? खेळाडूंना किती मिळतात?

२०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क गेले ४८,३९० कोटींना, ४१० मॅचेस धरून. भागाकार करा, मॅचला साधारण ११८ कोटी, पूर्ण २४० बॉल पडले तर बॉलमागे ४९ लाखांच्या आसपास. त्याआधीच्या पाच वर्षांचे होते १६,३४७ कोटी, म्हणजे जवळजवळ तिप्पट. मध्ये काय झालं? २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मॅच टीव्हीवरून खिशातल्या मोबाईलवर आली. २०२३ च्या हक्कांत पहिल्यांदा मोबाईलवरच्या हक्कांनी टीव्हीची बरोबरी केली.

हक्कांच्या पैशातला मोठा वाटा टीम मालकांना जातो, उरलेला बोर्डाकडे, तिथून राज्य संघटनांना. खेळाडूंचं म्हणाल तर २०२५ ला खेळाडू घ्यायला टीमला १२० कोटींची मर्यादा होती, दहा टीमचे १,२०० कोटी, म्हणजे वर्षाच्या नुसत्या प्रक्षेपण हक्कांच्या आठव्या हिश्श्याएवढे. पंतचे २७ कोटी बघून डोळे फिरतात, पण अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंना उत्पन्नातला निम्म्याच्या आसपास वाटा मिळतो, त्या हिशेबानं आपल्या खेळाडूंना कमीच मिळतंय, आणि हे मी त्यांच्या बाजूनं बोलतोय.

१०. आयपीएल सोन्याची खाण आहे तर आमची पुण्याची टीम का बुडाली?

पुणेकरांचा प्रश्न दरवर्षी येतोच. २०१० ला सहारानं पुणे टीमसाठी ३७ कोटी डॉलर्स मोजले, तेव्हाचे सतराशे कोटी. ती बोली जास्त मॅचेस धरून लावलेली, प्रत्यक्षात मॅचेस कमी झाल्या, फी कमी करा म्हणून वाद झाला, बँक गॅरंटी अडली आणि ऑक्टोबर २०१३ ला टीम रद्द. तेजीच्या काळात लावलेली बोली आणि तेव्हाचं हक्कांचं उत्पन्न ह्यांचा मेळच बसत नव्हता. कोचीची टीम तर एकाच सीझनमध्ये गेली, हैदराबादची डेक्कन चार्जर्स २०१२ ला. २०१६-१७ ला आलेली पुण्याची दुसरी टीम मुळातच दोन वर्षांसाठी होती, चेन्नई आणि राजस्थानवर बंदी होती म्हणून, ती फायनलला एका रननं हरली. मोठा फायदा मिळाला तो हक्कांचे भाव वाढेपर्यंत टिकून राहिलेल्यांना.

११. पूर्वी मुंबईचीच पोरं असायची, आता खेड्यापाड्यातली येतात. हे आयपीएलमुळे का?

अर्धं आयपीएलमुळे. पूर्वी क्रिकेटवर घर चालत नव्हतं, नोकरीवर चालायचं. मुंबईत टाटा, मफतलाल, निरलॉन, स्टेट बँक अशा कंपन्या चांगल्या खेळाडूला कामावर घ्यायच्या, टाइम्स शील्ड ह्या कंपन्यांच्या स्पर्धेत खेळवायच्या. गावसकर निरलॉनमध्ये होते, आचरेकर सर स्टेट बँकेत. म्हणजे खेळाडू व्हायचं तर जिथे कंपन्या तिथे राहायला हवं, श्रीरामपूरच्या झहीर खानला पण मुंबई गाठावी लागली. उदारीकरणानंतर कंपन्या अशा नोकऱ्यांवर खर्च करेनाशा झाल्या, ती व्यवस्था आटत गेली आणि तिची जागा बोर्डाच्या पैशानं घेतली. २०२१ पासून ४० हून जास्त रणजी मॅचेस खेळलेल्याला दिवसाला ६० हजार मिळतात, नव्या पोराला ४०.

आणि पैसा राज्य संघटनांकडे गेला की काय होतं त्याचं उत्तम उदाहरण विदर्भ. जामठ्याचं स्टेडियम, अकादमी, वयोगटांच्या टीम, हे सगळं उभं करून २०१७-१८ ला पहिली रणजी, लगेच पुढच्या वर्षी दुसरी, २०२४-२५ ला तिसरी. पैसा तर सगळ्याच संघटनांना मिळतो, विदर्भानं तो पोरांवर लावला. बाकीच्या संघटनांना, तुमचा पैसा कुठे गेला, हे तिथल्या लोकांनी विचारलंच पाहिजे.

१२. २०१६ ला दुष्काळात मॅचेस महाराष्ट्राबाहेर नेल्या ते बरोबर होतं का? पाण्यानं एवढा फरक पडतो?

मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं तो हा उन्हाळा. मुंबई हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरच्या मॅचेस राज्याबाहेर न्यायला सांगितलं, फायनलसुद्धा मुंबईतून बंगळुरूला गेली. संघटना म्हणत होत्या की आम्ही प्रक्रिया केलेलं पाणी वापरू. हिशेबानं बघितलं तर मैदानांचं पाणी राज्याच्या वापरात काहीच नाही, उसाला जातं त्यापुढे तर नाहीच. तरी निर्णय योग्य होता असं मला वाटतं, कारण माणसं हंडे घेऊन रांगेत उभी असताना शेजारच्या शहरात करमणुकीसाठी हिरवळ भिजवायची हे बघवणारं नव्हतं. ऊस मात्र होता तिथेच राहिला, ही खरी खंत.

१३. बायकांच्या क्रिकेटला ह्या पैशातलं काही मिळालं की नाही?

फार उशिरा. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ ला पुण्यात झाली, अवघ्या तीन टीम. २००६ पर्यंत त्यांची संघटनाच वेगळी, पैसे नाहीत, रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास. म्हणजे १९९१ झालं, ९५ चा निकाल झाला, नव्वदची तेजी झाली, ह्यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. देश वाढला म्हणजे सगळे वाढले असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

२०२२ ला मॅच फी पुरुषांइतकी झाली, २०२३ ला डब्ल्यूपीएलच्या, म्हणजे बायकांच्या आयपीएलच्या, पाच टीम ४,६६९ कोटींच्या वर गेल्या, सांगलीची स्मृती मानधना ३ कोटी ४० लाखांना. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत साउथ आफ्रिकेला ५२ रन्सनी हरवून वर्ल्ड कप जिंकला तेव्हा बोर्डानं ५१ कोटी जाहीर केले. हा आकडा तिसऱ्या प्रश्नातल्या एकेक लाखाच्या शेजारी ठेवून बघा.

१४. पैशानं क्रिकेट सुधारतं म्हणता, मग वेस्ट इंडिज आणि श्रीलंकेचं काय?

असं मी म्हणत नाही. सगळ्यात भारी टीम व्हायला श्रीमंत देश लागत नाही, वेस्ट इंडिज टेस्ट सिरीजमध्ये पंधरा वर्षं अजिंक्य होते ती तर छोटी छोटी बेटं. श्रीलंकेत जानेवारी १९९६ ला कोलंबोत मोठा स्फोट झाला, दोन देशांनी तिथे खेळायला नकार दिला आणि मार्चमध्ये तेच वर्ल्ड चॅम्पियन. २०२२ ला देशानं कर्ज फेडणं थांबवलं, पेट्रोलला रांगा, आणि सप्टेंबरमध्ये दुबईत आशिया कप जिंकून आले.

पैसा लागतो तो टिकवायला. वेस्ट इंडिजचे खेळाडू तेव्हा इंग्लंडच्या कौंटीत कमवून देशाकडून खेळायचे, आता लीगचे पैसे इतके आहेत की देशाची टेस्टच मागे पडते. जगभरचं क्रिकेट चालवणाऱ्या आयसीसीच्या उत्पन्नात २०२४ ते २७ साठी भारताचा वाटा ३८.५ टक्के, इंग्लंडचा ७ च्याही आत, मग बाकीच्यांचा अंदाज करा. जास्त प्रेक्षक आपले म्हणून जास्त वाटा आपला, हे पटतं, पण समोर खेळायला टीमच उरली नाही तर आपण खेळणार कोणाशी?

१५. चीनमध्ये क्रिकेट नाही, तरी वाढलाच ना?

हो. बांगलादेश पण कपड्यांच्या कारखान्यांवर वाढला. आठवा प्रश्न बघा.

१६. मग टेस्ट बंद पडणार का?

भारत, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया एकमेकांशी खेळतात तोवर नाही. डिसेंबर २०२४ ला मेलबर्नला पाच दिवसांत ३ लाख ७३ हजार लोक आले. मार्च २०२४ ला आपल्या बोर्डानं सीझनमधल्या पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त टेस्ट खेळणाऱ्याला नेहमीच्या १५ लाखांवर मॅचमागे आणखी ४५ लाख द्यायचं ठरवलं, म्हणजे टी-२० च्या पैशातून टेस्ट जगवायची. मला हे मनापासून आवडलं. धोका छोट्या देशांना आहे, कारण चौदाव्या प्रश्नात.

१७. हे सगळे आकडे महागाई धरून आहेत का? डॉलरचा भाव पण बदललाय ना?

नाही, जिथल्या तिथल्या वर्षीचे आहेत, त्यामुळे २००८ आणि २०२२ ची थेट तुलना करताना जपून. २००८ ला डॉलर चाळीसच्या आसपास होता, म्हणून मुंबईची टीम साधारण साडेचारशे कोटींना पडली. ऑक्टोबर २०२१ ला लखनौची टीम गेली ७,०९० कोटींना, म्हणजे पंधरा पटीहून जास्त, आणि मधल्या तेरा वर्षांत किराणा काही पंधरापट महाग झाला नाही. डॉलरमध्ये मोजलं तर वाढ आठ-नऊपट येते. कुठल्याही बातमीत आकडा दिसला की तो डॉलरचा की रुपयाचा आणि किती वर्षांचा मिळून, हे दोन आधी बघा, बरेच घोळ तिथेच होतात.